पाच डॉलरचे मूळ चित्र : ग्रँट वुड यांची मुद्राचित्रे कशी पाहावीत

अमेरिकन चित्रकार ग्रँट वुड यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या जुन्या छापील चित्रांत चार निरनिराळ्या वस्तूंची सरमिसळ झालेली असते. पहिली वस्तू म्हणजे चित्रकाराने स्वतः दगडावर रेखाटलेले, मोजक्या प्रतींत छापून घेतलेले आणि शिसपेन्सिलीने सही केलेले लिथोग्राफ. दुसरी म्हणजे त्यांच्या एखाद्या तैलचित्राची त्याच काळात यंत्राच्या साहाय्याने काढलेली रंगीत प्रतिकृती. तिसरी म्हणजे नंतरच्या दशकांतले एखाद्या संग्रहालयाचे पोस्टर किंवा पुस्तकातून कापून चौकटीत बसवलेले पान, आणि चौथी म्हणजे अलीकडे इंकजेट यंत्रावर छापून जुनी भासवलेली प्रत. काचेआड, भिंतीवर, दोन हातांच्या अंतरावरून या चारही वस्तू सारख्याच दिसू शकतात. त्यांतली पहिली तेवढी चित्रकाराची स्वतंत्र कलाकृती आहे आणि उरलेल्या तिन्ही तिच्या किंवा दुसऱ्या एखाद्या कलाकृतीच्या प्रतिमा आहेत. हा फरक केवळ किमतीचा नाही. वुड आणि त्यांच्या सोबतीच्या प्रादेशिकतावादी चित्रकारांनी मुद्राचित्राला, म्हणजे छापण्यासाठीच रेखाटलेल्या चित्राला, तैलचित्राची स्वस्त नक्कल मानलेच नव्हते. सामान्य माणसाच्या घरात मूळ कलाकृती पोहोचवण्याचे ते साधन होते, आणि म्हणूनच त्या कागदावर चित्रकाराचा हात प्रत्यक्ष फिरला होता की नाही, या प्रश्नाला येथे इतके महत्त्व आहे.

अमेरिकन प्रादेशिकतावाद ही मुख्यतः १९३० च्या दशकातली चळवळ. आयोवाचे ग्रँट वुड, मिसुरीचे थॉमस हार्ट बेंटन आणि कॅन्ससचे जॉन स्टुअर्ट करी हे तिचे तीन प्रमुख चित्रकार. युरोपातून आलेल्या अमूर्त कलेच्या मागे न लागता अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातली शेते, खेडी, यंत्रे, लोककथा आणि माणसे रंगवावीत, आणि ती कोणालाही पाहताक्षणी ओळखू येतील अशी रंगवावीत, ही त्यांची भूमिका होती. २४ डिसेंबर १९३४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाने बेंटन यांचे आत्मचित्र मुखपृष्ठावर छापून या चित्रकारांवर लेख दिला आणि ही नावे देशभर पोहोचली. वुड यांचे नाव त्याआधीच गाजले होते. १९३० साली त्यांनी रंगवलेल्या ‘अमेरिकन गॉथिक’ या चित्राला शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात ३०० डॉलरचे पारितोषिक मिळाले आणि ते चित्र तेथेच कायमचे राहिले. त्यात हातात काटेरी दाताळे घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे सीडर रॅपिड्स गावातले वुड यांचे दंतवैद्य, आणि शेजारची स्त्री म्हणजे वुड यांची बहीण नॅन. वुड अडाणी खेडुताच्या भोळ्या नजरेने चित्रे काढत, असा समज त्यांच्या हयातीतच पसरला होता, तो खरा नाही. ते अनेकदा युरोपात जाऊन आले होते, आणि १९२८ साली एका रंगीत काचेच्या खिडकीच्या कामासाठी म्युनिकला गेले असताना तेथल्या जुन्या जर्मन आणि फ्लेमिश चित्रकारांच्या काटेकोर, गुळगुळीत, तपशिलाने भरलेल्या शैलीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. त्यांच्या शेतांचे कोरल्यासारखे उतार आणि चेंडूसारखी गोल झाडे त्या अभ्यासातून आली आहेत.

इतक्या काटेकोरपणे रंगवणाऱ्या माणसाच्या हातून चित्रे कमीच होणार. शिवाय मंदीच्या त्या वर्षांत तैलचित्र विकत घेणारे लोकही थोडे होते. हा पेच रीव्ह्ज लेवेंथाल नावाच्या उद्योजकाने ओळखला. १९३४ साली त्यांनी बेंटन यांच्या न्यूयॉर्कमधल्या स्टुडिओत काही चित्रकारांना जमवून एक योजना मांडली आणि तिच्यातून ‘असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स’ ही संस्था उभी राहिली. त्याआधी मुद्राचित्रांचा व्यवहार उलट्या दिशेने चालत असे : प्रती थोड्या काढायच्या, त्यांचे दुर्मीळपण जपायचे आणि मोजक्या संग्राहकांकडून भारी किंमत घ्यायची. लेवेंथाल यांनी बहुतेक चित्रांच्या २५० प्रती काढायचे, प्रत्येक प्रतीवर चित्रकाराची सही घ्यायची आणि ती प्रत ५ डॉलरला विकायची असे ठरवले. चित्रकाराला एका आवृत्तीचे २०० डॉलर रोख मिळत. सगळ्या प्रती खपल्या तर १,२५० डॉलरची विक्री होते, म्हणजे चित्रकाराच्या वाट्याला सहावा हिस्साही येत नाही. आज हा सौदा कोणाला एकतर्फी वाटला तर नवल नाही. पण ज्या काळात चित्रकाराला वर्षभरात एकही गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नव्हती, त्या काळात हातात पडणारे २०० डॉलर ही खरी कमाई होती. सुरुवातीला ही चित्रे मोठ्या शहरांतल्या डिपार्टमेंट स्टोअरांत मांडली गेली आणि लवकरच नियतकालिकांतल्या जाहिराती आणि सूचिपत्रे यांच्या आधारे टपालाने घरपोच जाऊ लागली. ज्या गावात कलादालन नव्हते, त्या गावातल्या शिक्षकाला किंवा डॉक्टरला पाच डॉलर पाठवून वुड, बेंटन किंवा करी यांच्या हातचे मूळ काम मागवता येऊ लागले.

‘मूळ’ आणि ‘२५० प्रती’ या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे कळायचे असेल तर लिथोग्राफ कसा तयार होतो ते नीट पाहावे लागते. हे तंत्र बव्हेरियातल्या आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधले. त्याचा पाया अगदी साधा आहे : तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. लाकूडठशात किंवा धातूवरच्या कोरीव कामात छापायचा भाग उंच किंवा खोल असतो. लिथोग्राफमध्ये दगडाचा पृष्ठभाग सपाट असतो आणि छाप उमटते ती केवळ रसायनाच्या बळावर. त्यासाठी लागणारा चुनखडीचा दगड अत्यंत बारीक आणि एकसारख्या पोताचा असावा लागतो, आणि असा उत्तम दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणींतून येत असे. हा दगड तेलकट पदार्थही धरून ठेवतो आणि पाणीही.

प्रथम दगडावर पाणी आणि कुरुंदाची पूड टाकून तो घासतात. जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत हे घासणे चालते आणि शेवटी दगडाला डोळ्यांना जेमतेम जाणवणारा खरखरीतपणा उरतो. या पृष्ठभागावर चित्रकार मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्यापासून केलेल्या खडूने रेखाटतो. खडू दगडाच्या फक्त उंच कणांना लागतो आणि मधल्या सूक्ष्म खळग्यांत पोहोचत नाही; त्यामुळे हलका हात फिरवला की विरळ करडी छटा येते आणि दाब देत, पुन्हा पुन्हा फिरवत गेले की खळगे भरून गडद काळा रंग येतो. या कामात चुकीला जागा फार थोडी असते, कारण दगडाला जे तेलकट लागेल ते सगळे छापले जाते. चित्रकाराच्या तळहाताचा डागसुद्धा पुढे कागदावर उमटू शकतो, म्हणून हात टेकवण्यासाठी दगडावर आडवी फळी ठेवून काम करण्याची पद्धत आहे. शिवाय छापताना डावे-उजवे उलटते, तेव्हा सगळी रचना आधी उलटी मांडावी लागते.

रेखाटन पुरे झाले की मुद्रक दगडावर बाभळीच्या डिंकाच्या जातीचा डिंक पाण्यात विरघळवून आणि त्यात नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब घालून ते मिश्रण लावतो. याने दगड कोरला जात नाही. जेथे खडू लागला आहे तेथली चरबी दगडात पक्की बसते आणि जेथे लागलेला नाही तो भाग पाणी धरून ठेवण्यास तयार होतो. यानंतर टर्पेंटाइनने खडूची काजळी पुसून टाकतात आणि चित्र जवळजवळ दिसेनासे होते, पण त्याची चरबी दगडात राहिलेली असते. ओल्या स्पंजाने दगड पुसला की कोरा भाग पाणी धरतो आणि चरबीचा भाग पाणी झटकतो. त्यावरून तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चरबीच्या जागी बसते आणि चित्र पुन्हा प्रकट होते. मग त्यावर कागद ठेवून दगड प्रेसच्या दाबाखालून ओढून घेतात आणि एक प्रत निघते. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा स्पंज, पुन्हा शाई, पुन्हा कागद. २५० प्रती काढायच्या तर ही सगळी क्रिया २५० वेळा हाताने करावी लागते, आणि शाई व ओल यांचा तोल एकदा जरी बिघडला तरी करड्या छटा काळ्या पडतात किंवा विरून जातात. वुड, बेंटन आणि करी या तिघांचेही दगड छापणारे न्यूयॉर्कचे मुद्रक जॉर्ज मिलर या तोलासाठीच नावाजलेले होते. आवृत्ती पूर्ण झाली की दगड पुन्हा घासून दुसऱ्या चित्रासाठी वापरता येतो, आणि तो एकदा घासला गेला की पहिले चित्र त्या दगडावरून कधीच छापता येत नाही.

म्हणजे दगडावरचे रेखाटन हे काही भिंतीवर लावायचे चित्र नव्हे; ते छापण्यासाठीच केलेले असते आणि कागदावर उतरल्याशिवाय पूर्ण होत नाही. २५० प्रतींपैकी प्रत्येक प्रत त्या रेखाटनाशी सारख्याच जवळच्या नात्याने जोडलेली असते आणि तिच्यामागे दुसरे कोणतेही ‘खरे’ चित्र लपलेले नसते. मुद्राचित्राच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाला एवढाच अर्थ आहे.

वुड यांनी आयुष्यात एकूण १९ लिथोग्राफ केले, सगळे १९३७ पासूनच्या थोड्या वर्षांतले. त्यांतला ‘जानेवारी’ हा लिथोग्राफ ही गोष्ट इतरांपेक्षा स्पष्ट दाखवतो. सुमारे ९ इंच उंच आणि १२ इंच रुंद अशा चौकटीत एक शेत आहे. मक्याची ताटे कापून त्यांच्या पेंढ्या उभ्या टेकवून केलेली बुचाडे एकामागे एक, तिरप्या रांगांत, दूरवर लहान लहान होत गेली आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर बर्फाची टोपी बसली आहे. समोरच्या बर्फात सशाच्या पावलांचे ठसे उमटले आहेत आणि ते एका बुचाडाच्या बुंध्याशी असलेल्या फटीकडे गेले आहेत. ससा दिसत नाही. चित्रात माणूसही नाही, घरही नाही. आता बर्फाकडे जवळून पाहिले तर लक्षात येते की बर्फाचा पांढरा रंग वुड यांनी कोठेही काढलेला नाही, कारण लिथोग्राफच्या खडूला पांढरे काढताच येत नाही. जेथे खडू थांबला तेथे उरलेला कोरा कागद म्हणजे बर्फ. ताटांच्या पानांचा गडदपणा, बुचाडांच्या आतला काळोख आणि वरची थंड करडी हवा खडूच्या हजारो बारीक स्पर्शांनी उभी करून त्यांनी कागदालाच उजळ करून घेतले आहे.

या रचनेचे तैलचित्रही आहे. ते १९४०-४१ मध्ये रंगवलेले असून क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात आहे. लिथोग्राफ त्याच्या काही वर्षे आधी निघाला होता. म्हणजे लिथोग्राफ आधीचा आणि तैलचित्र नंतरचे. छापील चित्र म्हणजे रंगवलेल्या चित्राची नक्कल, हा आपला नेहमीचा हिशेब येथे सरळ उलटा पडतो, आणि माझ्या मते या विषयात शिरू पाहणाऱ्याने पहिल्यांदा हेच उदाहरण समजून घ्यावे.

या चित्रांवर त्या काळापासून घेतला जाणारा एक आक्षेप येथे टाळून चालणार नाही. वुड यांची शेते नेहमी सुपीक, नीटनेटकी आणि शांत असतात. प्रत्यक्षात मात्र त्याच वर्षांत आयोवातले शेतकरी कर्जापायी जमिनी गमावत होते. १९३३ च्या एप्रिलमध्ये आयोवातल्या ल मार्स या गावी जप्तीच्या खटल्यांमुळे संतापलेल्या शेतकऱ्यांनी ब्रॅडली नावाच्या न्यायाधीशांना न्यायालयातून ओढून बाहेर नेले आणि त्यांच्या गळ्यात दोर अडकवण्यापर्यंत मजल गेली. यातले काहीच वुड यांच्या शेतांत दिसत नाही. आक्षेप खरा आहे, आणि त्याला प्रेमाने झाकू नये असे मला वाटते. पण चित्रे समजून घेताना आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागते. वुड यांचा जन्म १८९१ साली अनामोसा गावाजवळच्या शेतावर झाला. १९०१ साली वडील वारले आणि दहा वर्षांच्या मुलासह कुटुंब शेत सोडून सीडर रॅपिड्सला राहायला गेले. त्यांच्या चित्रांतले शेत हे त्या मुलाने सोडलेले शेत आहे. लहानपणी पाहिलेली शेती डोळ्यांपुढे ठेवून, यंत्रांच्या चाहुलीने ती जात असताना, त्यांनी ती दगडावर नोंदवून ठेवली. बातमी म्हणून पाहिले तर ही चित्रे अपुरी आहेत. आठवण म्हणून पाहिली तर त्यांच्याइतकी नेमकी फार थोडी सापडतील.

आठवणीतून आलेल्या अशाच एका चित्राने त्यांना अडचणीतही आणले. ‘सल्ट्री नाइट’ या लिथोग्राफमध्ये उन्हाळ्याच्या रात्री जनावरांच्या पाण्याच्या हौदाशेजारी एक शेतकरी पूर्ण विवस्त्र उभा राहून बादलीने डोक्यावर पाणी ओतून घेत आहे. धुळीत दिवसभर राबलेली माणसे उन्हाने कोमट झालेल्या हौदाच्या पाण्याने अंग धूत, हे वुड यांनी लहानपणी पाहिले होते. अमेरिकेच्या टपाल खात्याने हे चित्र अश्लील ठरवले आणि टपालाने पाठवण्यास मनाई केली. असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्सचा बराचसा व्यवहार टपालावर उभा होता, त्यामुळे आवृत्ती २५० ऐवजी १०० प्रतींवर थांबवण्यात आली आणि ते चित्र फक्त दालनात येणाऱ्या गिऱ्हाइकालाच विकता आले. चित्र चांगले की वाईट याचा या निर्णयाशी काही संबंध नव्हता, तरी त्याचा परिणाम आजवर टिकला आहे : याच्या प्रती मुळात कमी निघाल्या, म्हणून आज वुड यांच्या मुद्राचित्रांत याला विशेष मागणी असते.

१९ पैकी १५ लिथोग्राफ काळ्या शाईचेच आहेत. उरलेली चार, म्हणजे फळे, भाज्या, बागेतली फुले आणि रानफुले यांची चित्रे, काळ्या रेषेत छापून नंतर हाताने रंगवलेली आहेत. हे रंगकाम वुड यांची बहीण नॅन आणि तिचे पती यांनी केले. चार चित्रे आणि प्रत्येकाच्या २५० प्रती म्हटल्यावर हा हजार कागदांचा खटाटोप झाला, आणि साहजिकच कोणत्याही दोन प्रतींतला रंग तंतोतंत जुळत नाही. या चार चित्रांखेरीज वुड यांचा रंगीत ‘लिथोग्राफ’ कोणी विकायला काढला तर तेथेच थांबावे. ‘अमेरिकन गॉथिक’चा तर त्यांनी लिथोग्राफ केलाच नव्हता, त्या चित्राचा जो कोणताही छापील कागद हाती येईल तो प्रतिकृतीच असणार, मग तो कितीही जुना असो.

घोटाळा वाढवणारी एक तांत्रिक गोष्ट येथे सांगायला हवी. आज पोस्टर, पुस्तके आणि कॅलेंडरे ज्या ऑफसेट पद्धतीने छापली जातात, तीही तेल आणि पाणी यांच्या त्याच तत्त्वावर चालते आणि तिचे पूर्ण नाव ऑफसेट लिथोग्राफीच आहे. फरक असा की तेथे दगडाऐवजी धातूचा पातळ पत्रा असतो आणि त्यावर चित्रकाराचा हात फिरत नाही. तैलचित्राचे छायाचित्र काढून, त्याचे जाळीतून बारीक ठिपक्यांत रूपांतर करून ते पत्र्यावर उतरवलेले असते. त्यामुळे एखाद्या पोस्टरखाली ‘लिथोग्राफ’ असे लिहिणारा विक्रेता शब्दशः खोटे बोलत नाही, आणि गिऱ्हाईक मात्र फसते.

सुदैवाने दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग हा प्रश्न बहुतेक वेळा सोडवते. ऑफसेटच्या रंगीत प्रतीवर भिंग धरले की निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक अंतरावर, छोट्या फुलांसारख्या वर्तुळांत मांडलेले दिसतात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत हेच ठिपके सरळ रांगांत दिसतात. दगडावरच्या खडूच्या कणांत अशी शिस्त कधीच नसते. ते दगडाच्या खरखरीत पृष्ठभागाप्रमाणे वेडेवाकडे, लहानमोठे, कोठे दाट तर कोठे विरळ असतात, आणि गडद भागात एकमेकांना चिकटून सलग काळे होतात. इंकजेटच्या प्रतीत रंगाचे अतिसूक्ष्म शिंतोडे दिसतात आणि जेथे कोरा कागद असायला हवा तेथेही जुनेपणाचा पिवळसर रंग छापलेला आढळतो. एकदा खरी प्रत भिंगाखाली पाहिली की हा फरक डोळ्यांना शिकवावा लागत नाही.

भिंग जेथे फसवू शकते तो प्रकार कोलोटाइपचा. १९३० आणि ४० च्या दशकांत अमेरिकन चित्रकारांच्या तैलचित्रांच्या चांगल्या दर्जाच्या रंगीत प्रतिकृती या पद्धतीने निघत. काचेवर जिलेटिनचा प्रकाशसंवेदी थर देऊन त्यावर छायाचित्र उतरवतात. वाळताना त्या थराला अत्यंत बारीक सुरकुत्या पडतात आणि त्याच सुरकुत्या शाई धरतात. येथे जाळीचे ठिपके नसतातच, म्हणून घाईने पाहणारा या प्रतीला हातची समजतो. मोठ्या भिंगाखाली मात्र खडूच्या कणांऐवजी नागमोडी, एकमेकांत गुंतलेल्या सूक्ष्म रेषांचा पोत दिसतो. अशा प्रती जुन्या आहेत, निगुतीने केलेल्या आहेत आणि पाहायला सुंदरही आहेत; त्या आपल्या जागी जरूर जपाव्यात, पण त्यांची किंमत प्रतिकृतीची असते.

हाताने रेखाटलेला दगड आणि चित्रकाराचा हात या दोन गोष्टी नेहमी एकत्रच येतात असेही नाही, आणि याचे उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलवलेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी महाराष्ट्रातल्या घराघरांत लागल्या. त्याही दगडावरूनच छापलेल्या आहेत आणि भिंगाखाली त्यांत यंत्राची जाळी दिसत नाही. पण प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड हाताने ठिपके देत तयार करणारे कारागीर छापखान्याचे होते. रविवर्मा यांनी रंगवले ते मूळ तैलचित्र. त्यामुळे त्या तसबिरी हातकामाच्या असूनही प्रतिकृती ठरतात. उलट बेंटन यांचा १९३६ चा ‘जेसी जेम्स’ हा लिथोग्राफ मिसुरीच्या विधानभवनातल्या त्यांच्याच भित्तिचित्रातल्या प्रसंगावरून आला आहे, तरी तो मूळ मुद्राचित्र आहे, कारण तो प्रसंग त्यांनी स्वतः दगडावर नव्याने रेखाटला. कल्पना पहिल्यांदा कोठे वापरली गेली यापेक्षा छापण्याच्या पृष्ठभागावर कोणी काम केले, यावर हा निर्णय अवलंबून असतो.

सहीबद्दलही गैरसमज पुष्कळ आहेत. वुड यांच्या लिथोग्राफवर चित्राच्या खालच्या कोऱ्या समासात, बहुधा उजव्या बाजूला, शिसपेन्सिलीची सही असते. कागद तिरप्या उजेडात धरला की शिसाची चमक आणि पेन्सिलीच्या दाबाने पडलेली बारीक खोबण दिसते. छापलेली सही भिंगाखाली शाईचीच असल्याचे कळते. मात्र ‘१२/२५०’ (२५० पैकी बारावी प्रत) असा क्रमांक नसला म्हणून दचकू नये, कारण असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्सच्या त्या काळातल्या प्रतींवर बहुधा क्रमांक घातलेला नसतो. उलट, प्रतिकृतींवर मात्र मोठ्या आकड्यांतले क्रमांक घालून त्यांना दुर्मीळ भासवण्याची प्रथा नंतर बरीच बोकाळली.

कागदही साक्ष देतो. १९५० च्या आसपासपासून कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने सर्रास घातली जाऊ लागली. नोटा तपासण्याच्या अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा झळकतो. १९३८ चा म्हणून दाखवलेला कागद या दिव्याखाली ट्यूबलाइटसारखा उजळला तर तो त्या काळातला नाही. याच्या उलट्या बाजूने मात्र निष्कर्ष काढता येत नाही : न झळकणारा कागद आजही मिळतो, म्हणून ही कसोटी फक्त नकार देते, होकार देत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, विशेषतः मध्य-पश्चिमेतल्या गावांत, जुन्या घरांतल्या वस्तूंच्या विक्रीत अशी चित्रे अजूनही समोर येऊ शकतात, कारण मुळात ती अशाच घरांसाठी छापली गेली होती. चित्र चौकटीत असेल तर ते चौकटीतून काढून पाहू द्यावे अशी विनंती करावी, कारण समास, सहीचा खालचा भाग आणि कागदाची मागची बाजू चौकटीतून दिसत नाही. पूर्वी चौकट करणारे लोक काचेच्या मापात बसवण्यासाठी समास बेधडक कापत, आणि समास कापलेल्या प्रतीची किंमत बरीच उतरते. स्वस्त पुठ्ठ्यातल्या आम्लामुळे चित्राभोवती तपकिरी पट्टा उमटलेला असतो, दमट हवेने कागदावर गंजासारखे ठिपके पडलेले असतात आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने कागद करपल्यासारखा झालेला असतो. यांतले पहिले दोन दोष कागद-संवर्धनाचे जाणकार पुष्कळ कमी करू शकतात, तिसरा फारसा सुधारत नाही. सर्वांत वाईट अवस्था म्हणजे पूर्ण कागद पुठ्ठ्यावर गोंदाने किंवा उष्णतेने चिकटवून टाकलेला असणे.

प्रत खरी निघाली तर तिची देखभाल अवघड नाही. आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी कापून त्यामागे कागद मोकळा टांगावा, काच आणि कागद यांच्यात पुठ्ठ्याच्या जाडीइतकी फट राहू द्यावी, अतिनील किरण अडवणारी काच वापरावी आणि थेट ऊन पडणाऱ्या किंवा बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीवर चित्र लावू नये. टांगण्यासाठी जपानी कागदाच्या लहान पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण ही खळ पाण्याने पुन्हा सुटते. चिकटपट्टी मात्र काही वर्षांत कागदात तेलकट डाग सोडते. चित्रासोबत मूळ पाकीट, संस्थेचे छापील माहितीपत्रक किंवा चौकटवाल्याचे जुने लेबल आले असेल तर तेही फेकू नये; आम्लरहित पाकिटात घालून चौकटीच्या मागे वेगळे ठेवावे, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला त्या कागदाचा प्रवास सलग लावता येतो.